रोज रात्री तीन ओळी: कुणी काय केलं याची वही लिहिणारं आणखी कुणी आहे का?

पऱ्हाटी (वर्धा जिल्हा) · सोमवार, रात्री ९:४०

रामराम मंडळी. मी इथं बहुतेक वेळा बियाण्याचं नाहीतर पापड-कुरड्यांचं वाचायला येते, लिहीत नाही. आज एक विचारायचं आहे म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. हरभऱ्याचं ओलित सुरू होतं आणि त्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईन होती, म्हणजे पंपाची वीज रात्रीच यायची. स्प्रिंकलरचे पाईप बदलायला आमच्या घरचे वाकले आणि पायाला घोणस चावली. शेजारच्या वावरातला भाऊ तेव्हा आपल्या तुरीत जागलीला होता, रानडुकरांसाठी. त्यानं ओरडणं ऐकलं आणि धावत आला. यांना मोटरसायकलवर मधात बसवलं, मागून त्याच्या पुतण्यानं धरलं. झाडफुकीच्या नादी न लागता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठलं. मी मागून दुसऱ्याच्या गाडीवर पोचले.

तिथल्या सिस्टरनं काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि नळी उभी ठेवून दिली, वीस मिनिटं हलवू दिली नाही. मी रडत होते, बाई इंजेक्शन द्या ना म्हणून. ती म्हणाली, ताई, वीस मिनिटांनीही रक्त गोठलं नाही तर समजायचं की विष रक्तात भिनलं. वेळ झाल्यावर तिनं नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग औषध सुरू झालं. तिथून वर्ध्याला नेलं, नऊ दिवस राहिलो. किडन्या वाचल्या. माणूस आपल्या पायानं घरी आला.

घरी आल्यावर झोप गेली ती माझी. डोळा लागला की ती नळी दिसायची. अशाच एका रात्री उठले, दुधाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान काढलं आणि लिहिलं:

शेजारचा भाऊ, मोटरसायकल.
पुतण्या, मागून घट्ट धरलं.
सिस्टर, काचेची नळी.

तेवढंच. त्या रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचं लिहिलं, मग तिसऱ्या दिवशी. आता तिसरी वही सुरू आहे.

माझा नेम एकच. माणसाचं किंवा जनावराचं नाव आणि त्यानं केलेलं काम. "सगळं छान आहे" असं लिहायचं नाही. "देवाची कृपा" असंही लिहीत नाही. देवावर राग नाही, सकाळ-संध्याकाळ दिवा लावते. पण मोघम लिहिलं की मनाला काही लागत नाही.

हे मी सासूबाईंकडून शिकले, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. तुमच्याकडेही खांद शेकत असतील. बैल धुऊन आणले की सासूबाई पळसाच्या पानानं तूप-हळद घेऊन त्यांच्या खांद्यावर चोळतात. शिंगं रंगवणं, झुली, तोरण हे सगळं दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी हात जातो तो जिथं जू बसतं तिथंच. तिथली कातडी कुठं सोलली आहे, कुठं घट्टा पडला आहे हे बोटांना कळतं. एका पोळ्याला डाव्या बैलाच्या खांद्यावरची गाठ सासूबाईंच्या हातालाच लागली होती. वर्षभर त्याला जुंपणाऱ्यांना ती दिसली नव्हती. आणि मग त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्या जागेनं भार घेतला तिथं आधी हात, मग जेवणाचं आमंत्रण. मला वाटलं, माणसांचं हे वर्षातून एकदा कशाला, रोज का नको?

आता विचारायचं ते. एक, काही रात्री लिहिणं नुसतं उरकल्यासारखं होतं, तीच नावं, तीच कामं. अशा वेळी थांबावं का? दोन, ज्याचं नाव लिहिलं त्याला जाऊन सांगावं का? त्या शेजारच्या भावाला मी आजवर एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

धानपट्टी (भंडारा) · सोमवार, रात्री १०:१५

ताई, वाचून अंगावर काटा आला. भाऊसाहेब सुखरूप आहेत हे चांगलं झालं.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं मत: सांगू नका. आमच्याकडे रोवणीला, म्हणजे भातलावणीला, एकमेकांच्या बांधीत जातात. आज ते आपल्याकडे, उद्या आपण त्यांच्याकडे. कुणी धन्यवाद म्हणालं तर समोरच्याला वाटतं की हिशेब मिटवला, आता हा परका झाला. आपल्याकडे उपकार बोलून फेडत नाहीत. त्याची वेळ येते तेव्हा आपण उभं राहायचं.

रानवाट (अमरावती) · सोमवार, रात्री ११:०५

मी मानसशास्त्रात एम.ए. करते. तुम्ही दुधाच्या वहीत जे सुरू केलं त्यावर बरेच प्रयोग झाले आहेत, म्हणून थोडं लांब लिहिते.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकेतल्या दोघांचा २००३ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्यानं त्रास लिहिले, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदर बरं वाटू लागलं. त्याच अभ्यासाचा आणखी एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांनी २१ दिवस रोज असं लिहिलं. त्यांची झोप सुधारली आणि त्यांच्यातला फरक घरच्या माणसांनाही जाणवला. तुमची झोप परत आली हे वाचून मला हेच आठवलं.

मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, पण सोबत "ही का घडली?" हेही लिहायचं होतं. त्याचा फायदा सहा महिन्यांनंतरही दिसला, आणि आठवडा संपल्यावर ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त. तुमच्या वहीत नाव असतं, म्हणजे "का" आपोआपच येतं.

त्याच अभ्यासात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. काही जणांना सांगितलं होतं की ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहा आणि स्वतः नेऊन द्या. सगळ्या प्रकारांत लगेचचा परिणाम याचा सर्वांत मोठा होता. पण महिनाभर टिकला, मग ओसरला. म्हणून धानपट्टी दादांशी मी थोडी असहमत आहे. एकदा तरी सांगून पाहा.

पहिल्या प्रश्नाबद्दल: सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात सहा आठवडे काहींनी आठवड्यातून एकदा लिहिलं, काहींनी तीनदा. फरक एकदावाल्यांत दिसला. फार वेळा केलं की तोचतोपणा येतो असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे उरकल्यासारखं वाटणं हा तुमचा दोष नाही. एखादी रात्र सोडली तरी चालेल.

आणि हेही सांगायला हवं की नंतर अनेक अभ्यास एकत्र करून जे आढावे घेतले गेले त्यांत हा परिणाम छोटा निघाला. ही वही खऱ्या नैराश्यावरचा उपचार नाही. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी हे सांगायचं विसरतात, म्हणून मी सांगते.

तिफन (यवतमाळ जिल्हा) · मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, तुमच्या घरधन्याचा जीव वाचला, लय आनंद हाय. पन मले हा इषय पटत नाही आन मी ते मनात ठेवनार नाही.

मी सात एकरवाला मानूस. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, सडवली. बोंड फोडलं का आत अळी. त्या साली घरात पोरीचं लग्न ठरलं होतं. २०२५-२६ ले लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. माह्या दारातून खेडा खरेदीत सहा हजार आठशेनं गेला, कारन उधारीवाला दारात उभा होता. मी रातच्याले वहीत काय लिहू? व्यापाऱ्यानं काटा बरोबर लावला म्हनून?

आमाले कोनीबी येते आन सांगते, समाधानी राहा, जे हाय त्यात सुख माना. मजुरानं मालकाचं मानावं, सुनेनं सासरचं मानावं, शेतकऱ्यानं सरकारचं मानावं. आभार मानाले नेहमी खालच्यालेच सांगतात. आमच्या गावातून ज्याइनं फास घेतला त्याइले कृतग्यता कमी होती काय? त्यातला एक तर असा होता का कोनाच्या घरी मयत झाली तं पयले लाकडं घेऊन तोच उभा राहे.

कडू लागलं तं माफ करा.

पऱ्हाटी · मंगळवार, दुपारी २:२०

तिफन भाऊ, कडू नाही लागलं. तुम्ही लिहिलं ते आमच्याही घरात घडलेलं आहे. आमचाही कापूस उधारीवाल्याला पाहूनच विकला जातो.

पण माझ्या वहीत काय नाही ते सांगते. रात्रीची लाईन देणाऱ्याचं नाव त्यात नाही. आमच्या घरच्यांना साप चावला तो अंधारात, ओल्या वावरात, रात्रीच्या साडेबाराला. माणसानं त्या वेळी तिथं असायलाच नको होतं. लाईन दिवसा मिळावी म्हणून गावानं अर्ज केला, त्यावर माझीही सही आहे, आणि तो अर्ज पुढे सरकत नाही म्हणून तालुक्याला गेलेल्या बायांमध्ये मी होते. वही लिहायला लागल्यावर माझा राग कमी झाला नाही. तो कुणावर करायचा ते नीट कळायला लागलं. आधी मी यांच्यावरच चिडायचे, गमबूट का घातले नाहीत म्हणून.

शेजारच्या भावाची जाण ठेवली म्हणून बाकीच्यांना सूट मिळत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत. आणि तुम्ही ज्या माणसाबद्दल लिहिलं, लाकडं घेऊन पहिला उभा राहणारा, त्याच्या खांद्यावर कुणी कधी हात ठेवला होता का, हे माझ्या मनात सकाळपासून घोळत आहे. रागावू नका.

माजी_गुरुजी (अकोला जिल्हा) · मंगळवार, संध्याकाळी ५:३०

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं होतो. मोघम लिहिलं की मनाला लागत नाही हे तुमचं वाक्य मला माझ्या वर्गात घेऊन गेलं.

परिपाठात मी एक प्रयोग केला होता. रोज पाच मुलांनी सांगायचं, आज कुणाचे आभार. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं एकच: आईचे आभार, बाबांचे आभार, सरांचे आभार. माझ्याकडे पाहून सांगायचे, पाठ केल्यासारखं. मला वाईट वाटलं. मुलं खोटं बोलत नव्हती, माझा प्रश्नच पोकळ होता. मग मी तो बदलला. "काल तुझं कोणतं काम दुसऱ्या कुणामुळे हलकं झालं?" असं विचारू लागलो.

काय उत्तरं आली म्हणून सांगू! एक पोरगा म्हणाला, खिचडी शिजवणाऱ्या मावशीनं माझ्या ताटातल्या मिरच्या वेचून काढल्या, कारण माझ्या तोंडात फोड आला होता. एक पोरगी म्हणाली, बैलानं. कशी गं? तर म्हणे, वावरातून येताना आम्ही सगळे गाडीत झोपून गेलो, बाबापण, आणि बैल बरोबर आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्या मावशींना मी वर्गात बोलावलं आणि मुलानं काय सांगितलं ते त्यांना ऐकवलं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. पंधरा वर्षं शाळेत शिजवत होत्या, पण वर्गाच्या आत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. ती चूक माझी आणि शाळेची.

कृतज्ञ हा शब्द फोडून पाहा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणणारा. त्यात हात जोडणं नाही, आनंदी राहणं नाही, फक्त जाणणं आहे. आपल्या बोलीत तर "जाण" हाच शब्द आहे. त्याला जाण आहे, असं म्हणतात. तिफन भाऊंनी लिहिलेलं आभार मानायला लावणं आणि ही जाण, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सवयीबद्दल एक सुचवतो. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) विदर्भाच्या खेड्याखेड्यांत ही लावून दिली. लहानपणापासून पाहतो, ती टिकली कारण तिची वेळ ठरलेली आहे आणि माणसं सोबत आहेत. मन लागलं तर बसू, असं कुणी म्हणत नाही. मन लागो न लागो, जाऊन बसायचं. कधी लागतं, कधी नाही. म्हणून रानवाट ताईंचा सल्ला मान्य असूनही मी म्हणेन की वही उघडणं सोडू नका. काही सुचलं नाही तर तारीख टाका आणि मिटा.

पैनगंगा (पुसदकडची) · मंगळवार, रात्री ११:४८

सगळे झोपल्यावर लिहिते आहे.

मीही अशी वही लिहिली होती, बाळंतपणानंतर. मोबाईलवर कुठंतरी पाहिलं होतं, रोज पाच गोष्टी लिहा. लिहायचे. बाळ निरोगी आहे. नवरा दारू पीत नाही. सासूबाई न्हाऊ-माखू घालतात. घर पक्कं आहे. आणि लिहून झाल्यावर जास्त रडू यायचं. एवढं सगळं आहे, मग तू रडतेस कशाला? ती वही मला रोज हेच विचारायची. पऱ्हाटी ताई, तुमच्या वहीनं झोप आली, माझ्या वहीनं उडाली. शेवटी मी ती चुलीत घातली.

आता बाळ तीन वर्षांचं आहे. मी बरी आहे. पण इथं वाचताना वाटलं, माझ्या वहीत मी काय काय आहे ते लिहीत होते, कुणी काय केलं ते नाही. जर लिहिलं असतं, तर एक ओळ नक्की असती: चुलत सासूबाई, बाळाला दोन तास घेऊन बसल्या, म्हणाल्या तू नुसती पडून राहा, झोप आली नाही तरी चालेल. त्या एकट्यांनीच माझ्याकडे पाहिलं होतं, बाकी सगळे बाळाकडे पाहत होते.

अजून एक. या घरात आठ जणांच्या भाकरी मी थापते. सकाळी पाचला उठते. माझं नाव कुणाच्या वहीत असेल असं वाटत नाही. हे तक्रार म्हणून नाही लिहीत. लिहावंसं वाटलं.

पळसफूल (आरोग्य केंद्र, चंद्रपूर जिल्हा) · बुधवार, पहाटे ५:१५

पैनगंगा, रात्रपाळी संपता संपता तुझं वाचलं. तुझी वही चुकली नव्हती, तुला तेव्हा वहीपेक्षा जास्त मदत लागत होती. बाळंतपणानंतर रोज रडू येणं, झोप उडणं हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा तुला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं, ते आमच्यासारख्यांचं काम होतं. हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकासाठी लिहून ठेवते: १४४१६, टेलिमानस. फोनला पैसे लागत नाहीत, केव्हाही लावा, मराठीत बोलता येतं. तिफन भाऊ, तुमच्या गावातही हा नंबर पोचवा. भाव न मिळण्यावर तो उपाय नाही हे मलाही कळतं. पण त्या रात्रीपुरतं कुणीतरी बोलायला असतं.

पऱ्हाटी ताई, तुमच्या सिस्टरच्या नळीबद्दल वाचून मी दोनदा थांबले. आम्ही ती नळी रोजच्या कामासारखी ठेवतो. समोरच्या बाईला ती वर्षभर दिसत राहते हे कधी मनात आलं नव्हतं.

तुम्ही नावं लिहिता, म्हणून त्या औषधाच्या मागची नावं सांगते. सर्पदंशाचं औषध घोड्यांपासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचं अंग त्या विषाशी लढणारे घटक रक्तात तयार करतं. मग त्याचं थोडं रक्त काढून, त्यातून ते घटक शुद्ध करून कुप्या भरतात. तुमच्या घरच्यांच्या शिरेत गेलं ते कुठल्यातरी घोड्यानं सोसलेलं होतं.

आणि ते विष? आपल्या देशात त्यातलं बरंचसं तमिळनाडूतले इरुळा आदिवासी काढतात. पिढ्यानपिढ्या साप पकडणारी माणसं. पूर्वी कातड्यासाठी पकडायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो धंदा बंद पडला, पोटाचे हाल झाले. मग १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता ते साप धरतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि परत रानात सोडतात. बिळाशी ओणवं होऊन हातानं घोणस धरणारा तो माणूस, त्याला तुमचं गाव माहीत नाही, तुम्हाला त्याचं नाव माहीत नाही.

मी नर्सिंगला असताना हे शिकले आणि परीक्षेपुरतं लिहिलं. आज तुमच्यामुळे पुन्हा शिकल्यासारखं वाटलं.

पऱ्हाटी · बुधवार, सकाळी ८:०५

घोड्याचं माहीत नव्हतं. यांना आत्ताच वाचून दाखवलं. चहा हातात तसाच राहिला त्यांच्या. मग म्हणाले, "घोड्याले बी टोचलं व्हतं म्हन त्याइनं."

आज रात्रीच्या तीन ओळी ठरल्या. घोडा. इरुळा. आणि पैनगंगा, आठ जणांच्या भाकरी. तुझं नाव आता एका वहीत आहे, बाई.

संत्राबाग (वरुडकडचा) · बुधवार, दुपारी १:१०

माझ्या आईला लिहिता येत नाही. ती जात्यावर दळायची तेव्हा ओव्यांमध्ये नावं घ्यायची, बापाचं, भावाचं, गावातल्या सुइणीचंसुद्धा. जातं गेलं, गिरणी आली, ओव्या गेल्या. आता ती भाकरी थापताना मनातल्या मनात नावं घेते असं परवा कळलं, ओठ हलताना पाहून विचारलं म्हणून. एका भाकरीला एक नाव. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी सांगितलं.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात, पऱ्हाटीच्या झाडाशी दही-भात ठेवून. संत्र्याला असं काही नाही. यंदा आंबिया बहार तोडायच्या आधी आईला विचारून काहीतरी करीन म्हणतो.

तिफन · बुधवार, रात्री ८:३०

ताई, तुमचं मंगळवारचं दोनदा वाचलं. त्या मानसाच्या खांद्याचं इचारलं तुमी. नाही, कोनी नव्हता ठेवला हात. मी बी नाही. त्याच्या घरी मी लाकडं घेऊन गेलतो, पन तो गेल्यावर.

माहं म्हननं मी सोडलं नाही. भाव भेटला पाहिजे, आन त्याच्यासाठी भांडलंच पाहिजे. पन आज वेचाईले दहा बाया होत्या. दहा रुपये किलोनं वेचतात. त्यातली एक म्हातारी कापसात कचरा येऊ देत नाही, पाती झटकून वेचते, बाकीच्याइपेक्षा चार किलो कमी भरते म्हनून तिले पैसेबी कमी भेटतात. माह्या कापसाले जी चमक असते ते तिच्या हातानं. इतके साल हे मले दिसत होतं, पन हिशेबात कधी धरलं नव्हतं. आज तिले रोजानं पैसे देल्ले, किलोनं नाही. वही-बिही काही लिहिली नाही.

त्या गेलेल्या मानसाच्या घरी उद्या जाऊन येतो. त्याची पोरगी बारावीले हाय.

धानपट्टी · बुधवार, रात्री ९:००

तिफन भाऊ, जाच. आणि तो १४४१६ मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून आलो.

पऱ्हाटी · शनिवार, संध्याकाळी ७:२५

उशीर झाला लिहायला. रानवाट म्हणाली होती एकदा सांगून पाहा आणि धानपट्टी दादा म्हणाले होते नको. दोन दिवस दोन्ही मनात घोळत होतं. काल संध्याकाळी शेवटी शेजारी गेले. हातात काय न्यावं कळेना, दह्याचं भांडं नेलं.

तो अंगणात दोरी वळत बसला होता. मी सरळच म्हटलं, "भाऊ, त्या राती तुमी गाडी काढली नसती तं माह्या कपायाचं कुंकू गेलं असतं. मी वर्षभर बोलली नाही." तो एकदम गोंधळला. म्हणाला, "वहिनी, असं नका बोलू, परक्यावानी वाटते." धानपट्टी दादांचं खरं ठरलं असं वाटून मी उठायलाच लागले होते.

मग तो खाली पाहून म्हणाला की त्या रात्रीपासून तो एकटा वावरात जात नाही. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक पाईप सापासारखा दिसतो. बायकोला सांगितलेलं नाही, पुतण्याला काहीतरी निमित्त करून सोबत नेतो, आणि ज्या रात्री पुतण्या नसतो त्या रात्री बांधावर मोटरसायकलवरच बसून राहतो, आत उतरत नाही. यंदा त्याची अर्धी तूर डुकरांनी खाल्ली ती यामुळे. गावात सगळे म्हणत होते की आळशी झाला. आम्हीही म्हणालो होतो.

आमच्या घरी माणूस वाचला म्हणून मी रोज त्याचं नाव लिहीत होते आणि इकडे त्याच्या खांद्यावर हे बसलं होतं, आमच्याच रात्रीचं. माझ्या वहीत मोटरसायकल होती. ती चालवताना त्याला काय वाटलं असेल ते कुठं नव्हतं.

घरी येऊन यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत, उठले आणि त्याच्याकडे गेले. बऱ्याच वेळानं दोघं सोबतच आले. आता असं ठरलं आहे की रात्रीच्या लाईनच्या आठवड्यात दोघं मिळून जायचं, आधी त्याचं वावर पाहायचं, मग आमचं पाणी. आज तालुक्याहून गमबुटांचे दोन जोड आणले, एक त्याच्या मापाचा. पैसे दिल्याशिवाय तो घ्यायला तयार नव्हता आणि हे पैसे घ्यायला तयार नव्हते, त्यावरून अंगणात बराच वेळ चाललं होतं.

आज साडेदहाची लाईन आहे. डबा बांधायचा आहे, दोघांचा. वही उद्या सकाळी लिहीन.